दृढीकरण झालं की मुलं शब्बाथ शाळेत येईनाशी का होतात?

शब्बाथशाळेच्या_बाई

सर्वांना सलाम.

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची ख्रिस्ती मंडळी आहे. तिथे मी चौदा वर्षं शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग, घेते. पटावर एक्कावन्न नावं आहेत. त्यांतली चाळीस लहान. ती येतात, वेळेआधी येतात, चपला दारात भिरकावून पुढच्या सतरंजीवर जागा धरतात. उरलेली अकरा तेरा ते सोळा वयाची. गेल्या रविवारी त्यांतल्या दोघी आल्या, त्याही पाळकसाहेबांच्या घरच्या.

दृढीकरणाच्या, म्हणजे मोठेपणी स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गाला मात्र सगळी असतात. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभुभोजनाचा अर्थ, सगळं पाठ करतात. बिशपसाहेब येतात, डोक्यावर हात ठेवतात, पांढऱ्या कपड्यांत फोटो निघतात, घरोघर जेवणं होतात. त्यानंतरच्या रविवारपासून ती दिसत नाहीत. ज्या दिवशी मंडळीत त्यांना पूर्ण जागा मिळते, त्याच दिवशी ती निघून जातात. हे मला फार लागतं.

लहानांचं काय करायचं ते मला कळतं. जूनमध्ये पाच भाकरी आणि दोन माशांत येशूने हजारोंना जेवू घातलं, तो पाठ होता. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या सहा वर्षांच्या एका मुलाने फलालीनच्या फळ्यावरच्या टोपलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, ‘बाई, हे तर पाव आहेत.’ चित्रांचा संच बाहेरून आलेला, त्यात खरंच पाव होते. पुढच्या रविवारी मी फडक्यात बांधून बाजरीच्या पाच भाकरी नेल्या आणि दोन सुके बोंबील. योहानाच्या शुभवर्तमानात त्या भाकरी जवाच्या आहेत, म्हणजे गरिबाघरच्या, आणि त्या एका लहान मुलाजवळ होत्या, हे सांगितलं. मग भाकरी मोडून चाळीस जणांत वाटली. एका मुलीने आपल्या तुकड्यातला अर्धा शेजारणीला दिला आणि म्हणाली, ‘बाई, अजून उरली.’ तो पाठ मला परत शिकवावा लागणार नाही.

मोठ्यांच्या वर्गासाठी मी अशी तयारी कधी केलीच नाही. जे लहानांना, तेच त्यांना जरा मोठ्या आवाजात सांगत राहिले. आणि एक गोष्ट इथे लिहून टाकते, कारण ती दोन वर्षं मनात आहे. वर्गातल्या एका मुलाची आजी वारली. तिच्यासाठी आम्ही सगळ्यांनी उपास-प्रार्थना केली होती, त्यानेही केली होती. दुसऱ्या रविवारी त्याने विचारलं, ‘बाई, आपण मागितलं, मग दिलं का नाही?’ मी म्हणाले, ‘देवाची इच्छा. असं विचारू नये.’ आणि सुवर्णवचन, म्हणजे बायबलचं पाठ करायचं वचन, म्हणून घ्यायला सुरुवात केली. तो वर्गात तबला वाजवायचा. त्यानंतर आला नाही.

बायबलच्या नीतिसूत्रांत ‘मुलाच्या स्थितीला अनुरूप असे शिक्षण’ द्यायला सांगितलं आहे. आमच्या हॉलच्या भिंतीवर ते रंगवलेलंही आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची स्थिती काय असते आणि तिला अनुरूप असं आपण काय देतो? तुमच्या मंडळीत काय चालतं, काय फसलं, मोकळेपणाने लिहा. कुठल्याही पंथाच्या लोकांनी लिहावं.


दहावीचा_पालक

बाई, सलाम. मी न येणाऱ्या मुलांपैकी एकाचा बाप आहे. तुमच्या गावचा नाही, पण गोष्ट तीच.

आमच्या मुलाच्या क्लासची टेस्ट रविवारी सकाळी आठ ते अकरा असते. उपासना साडेनऊला. पहिले दोन महिने आम्ही टेस्ट बुडवली, मग मुलगा मागे पडायला लागला आणि क्लासमधून फोन आला. मी ऊसतोड मुकादमाकडे हिशेब लिहून शिकलो, माझ्या मुलाने शिकावं असं मला वाटतं. त्यात माझं चुकतं असं वाटत नाही. पण रविवारी आम्ही दोघं नवरा-बायको उपासनेला जातो आणि तो पाठीवर बॅग टाकून दुसऱ्या दिशेला जातो, तेव्हा आत काहीतरी तुटतं हेही खरं. मंडळीतले वडील भेटले की ‘पोरगं दिसत नाही’ म्हणतात. कोणीतरी एकदा विचारावं की ते मोकळं केव्हा असतं.


वसईची_वाट

बाई, तुमचा धागा वाचून आमच्या धर्मग्रामाचीच हकिकत वाचतेय असं वाटलं. आम्ही कॅथलिक, मी सतरा वर्षं धर्मशिक्षण घेते. आमच्याकडे पहिली ते दहावी इयत्तेप्रमाणे वर्ग असतात, रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे उपासनेनंतर. लहानपणी प्रथम कम्युनियन, म्हणजे पहिलं प्रभुभोजन, मोठेपणी दृढीकरण. पोप दहावे पायस यांनी १९१० साली ठरवून दिलं की मुलाला समज आली, साधारण सात वर्षांचं झालं, की त्याला कम्युनियनपासून दूर ठेवू नये. ते मला फार योग्य वाटतं. आईवडील त्या वर्षी मुलाबरोबर स्वतःही शिकतात. पण दृढीकरण झालं की आमच्याकडेही बाकं रिकामी होतात.

भाषेचं दुखणं आमच्याकडे आणखी मोठं आहे. घरात कादोडी, शाळेत इंग्रजी, देवळात मराठी. चौदा वर्षांचा मुलगा मराठी बायबल अडखळत वाचतो, वर्गात हसू होतं, म्हणून तो वाचायलाच उठत नाही. त्याच्या गप्प बसण्याला मी बरीच वर्षं अश्रद्धा समजत होते. मग मी वाचन बंद केलं आणि उधळ्या पुत्राची, म्हणजे वाटणी उधळून घरी परतलेल्या धाकट्या मुलाची, गोष्ट प्रत्येकाला घरच्या बोलीत सांगायला लावली. थोरल्या भावाचा राग कादोडीत सांगताना एका मुलाचा आवाज चढला, तेव्हा मला कळलं की त्याच्या घरात वाटणीचं भांडण चालू आहे.

आणि हे काही नवं नाही. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले तेव्हा रस्त्यातून घंटा वाजवत मुलांना धर्मशिक्षणाला गोळा करत. फादर थॉमस स्टीफन्स तर इंग्लंडचे, पण गोव्यातल्या साष्टीत राहून त्यांनी ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. त्यातले श्रोते मधेमधे शंका विचारतात आणि पाद्री त्यांना उत्तरं देतो. त्यांनी इथल्या बोलीत धर्मशिक्षणाचं पुस्तकही लिहिलं. ते त्यांच्या मागे १६२२ मध्ये रायतूरला छापलं, आणि ‘मुलांना शिकवण्यासाठी, संवादरूपाने’ असं त्याच्या नावातच आहे. चारशे वर्षांपूर्वी ज्यांना हे सुचलं, त्यांच्या वारसांनी वर्गात ‘असं विचारू नये’ म्हणावं का? बाई, तुम्हाला बोल लावत नाही. मीही हे वाक्य अनेकदा म्हटलं आहे.

तुमच्या त्या मुलाबद्दल एवढंच म्हणेन: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे वधस्तंभावर प्रभूने स्वतः विचारलं. स्तोत्र तेरा तर ‘कोठवर’ या प्रश्नानेच सुरू होतं.


हेडबाई_निवृत्त

मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. आता मंडळीच्या शब्बाथ शाळेची देखरेख करते.

दहावीचे पालक, तुमचं म्हणणं मला पटतं. रविवारची शाळा रविवारी का सुरू झाली हे आपण विसरलो आहोत. १७८० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स या वर्तमानपत्राच्या मालकाने ती चालवली. त्या गावात टाचण्यांचे कारखाने होते आणि गरिबांची मुलं आठवडाभर कामाला जुंपलेली असत. रविवार हा त्यांचा एकच मोकळा दिवस. त्या दिवशी त्यांना आधी वाचायला शिकवलं, बायबल हे वाचायचं पुस्तक होतं. म्हणजे मुलं ज्या दिवशी मोकळी, तो दिवस शाळेने धरला. आता आपली मुलं रविवारी मोकळी नसतील, तर मोठ्यांचा वर्ग शनिवारी संध्याकाळी घ्यायला काय हरकत आहे? उपासनेला त्यांनी आलंच पाहिजे, त्यासाठी घरात वेगळं बोलू. पण शिकण्याचा तास हलवता येतो.

मात्र संध्याकाळचा वर्ग म्हटला की काही गोष्टी मी हट्टाने सांगणार. वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत, त्यातली एक बाई. दार उघडं, खिडक्यांचे पडदे बाजूला. एकट्या मुलाला किंवा मुलीला कोणी गाडीवर घरी सोडायचं नाही, रात्री एकेकट्याला व्हॉट्सअ‍ॅप करायचं नाही, जे लिहायचं ते गटात. शिबिराला न्यायचं तर पालकांची लेखी संमती. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं, आणि काही गैर घडल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं हे ज्याला कळलं त्याचं कर्तव्य आहे. ‘कमिटीत बसून मिटवू’ असं म्हणायचा अधिकार कुठल्याही मंडळीला नाही. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा फोन नंबर हॉलमध्ये मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा. आम्ही तो लावला तेव्हा काही वडीलमंडळींना अपमान वाटला. आम्ही काढला नाही. प्रभूने बाळकांना जवळ घेतलं ते सगळ्यांच्या देखत.


शब्बाथशाळेच्या_बाई

पालकदादा, ‘ते मोकळं केव्हा असतं’ हे मी खरंच कोणाला विचारलं नव्हतं. काल अकराही घरी फोन केले. आठ जण शनिवारी पाचनंतर मोकळे आहेत.

वसईच्या ताई, तुमचं उधळ्या पुत्राचं वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. हेडबाई, नंबर लावते.


एफवायची_पोर

मी एकोणीस वर्षांची आहे, म्हणजे तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय त्यांच्यातलीच. सुवर्णवचनांत माझा तीनदा पहिला नंबर आला आहे. नाताळच्या नाटकात मी दोनदा मरीया झाले. तरीही दहावीनंतर दोन वर्षं मी गेले नाही, आणि का ते सांगते.

अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी फॉर्ममध्ये धर्म आणि जात भरायची होती. आमच्या शेजारच्या, आमच्याच भावकीतल्या, बौद्ध मैत्रिणीने एक रकाना भरला, मला दुसरा भरावा लागला. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, कायदा तसा आहे. पुढे मी स्वतः वाचलं की अनुसूचित जातींचा आदेश १९५० चा आहे, तो आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, आणि ख्रिस्ती अजून त्यात नाहीत. त्याच वर्षी कॉलेजात एका मुलाने सगळ्यांसमोर विचारलं, ‘तुमच्या आजोबांनी किती पोती तांदळाला धर्म विकला?’ माझ्याकडे शंभर वचनं पाठ होती, उत्तर एकही नव्हतं. मी घरी येऊन खूप रडले.

बाई, मला शब्बाथ शाळेत कोणीतरी हे सांगायला हवं होतं की सिंथिया फरार नावाची एकटी बाई १८२७ साली अमेरिकेतून मुंबईत आली, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि सावित्रीबाई फुले तिच्याकडे शिकवायचं शिकून गेल्या. ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये नगरला निघालं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला सगळं बायबल मराठीत आणलं, आणि ते त्यांच्या तिथल्या मुक्ती मिशनमधल्या मुलींच्या हातांनी छापलं गेलं. आणि माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, मिशनच्या आवारातल्या आडावर मिळालं. माझ्या आजीने हे मला सांगितलं ते मी विचारल्यावर, माझ्या अठराव्या वर्षी. पणजोबांनी तांदूळ घेतला नाही. त्यांनी पाणी घेतलं, अक्षर घेतलं, आणि येशू घेतला. हे मी आता कोणालाही सांगू शकते.

चौदाव्या वर्षी आपण कोण आहोत हे विचारावंसं वाटतं. तेव्हा आम्हाला परत नोहाचं तारू रंगवायला देऊ नका. मी आता परत जाते, आणि मे महिन्यात सुट्टीतल्या बायबल शाळेत नऊ-दहा वर्षांच्या मुलांना शिकवलं. शिकवायला लागले तेव्हाच मला बसायला जागा मिळाल्यासारखं वाटलं.


वसईची_वाट

पोरी, तुझं शेवटचं वाक्य मी आमच्या धर्मशिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे. आम्ही गेल्या वर्षापासून नववी-दहावीच्या मुलांना कम्युनियनच्या वर्गात मदतनीस म्हणून बसवतो. एकेका मोठ्याकडे चार लहान. ज्या मुलाला रविवारी उठवायला आईला तीन हाका माराव्या लागायच्या, तो आता ‘माझी चार वाट बघत असतील’ म्हणून आधी निघतो.


टाळझांज

पुण्याहून लिहितो. पेटी आणि गाणं हा माझा प्रांत, तेवढ्यापुरतंच बोलतो.

तरुण संघांत हल्ली गिटार, कीबोर्ड आणि इंग्रजी गाणी असतात. मला त्यांचा राग नाही, त्यांतली काही फार गोड आहेत. पण नगर जिल्ह्याच्या मुलांना आपल्या अंगणात काय आहे ते दाखवायला नको का? एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन नगरलाच उभं राहिलं. कीर्तनकार कृष्णराव सांगळे तिथलेच. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. ते तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आले असं स्वतः सांगत, आणि त्यांची पदं आपण आजही ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकातून म्हणतो. म्हणतो म्हणजे कशी, तर रडत-खडत, ऑर्गनच्या मागून फरफटत. त्याच पदाला टाळ द्या, ठेका द्या, धुमाळी लावा आणि मग मुलांकडे बघा.

माझा अनुभव सांगतो. गेल्या वर्षी तेरा ते सतरा वयाच्या नऊ मुलांकडून बायबलमधल्या योना संदेष्ट्याचं कीर्तन बसवून घेतलं. पद वीस मिनिटांत येतं, त्याला काही लागत नाही. वेळ लागला तो निरूपणाला, कारण ते मी लिहून दिलं नाही. कीर्तनात आक्षेप घ्यावाच लागतो, समोरच्याच्या मनातली शंका आपणच काढून दाखवावी लागते. मुलांनी विचारलं, निनवेच्या लोकांना देवाने माफ केलं म्हणून योना का चिडला? त्यावर तीन आठवडे वाद झाला. एक मुलगी म्हणाली, ज्यांनी आपल्याला छळलं त्यांना माफी मिळाली तर मलाही राग येईल. ते वाक्य आम्ही जसंच्या तसं कीर्तनात ठेवलं. तिने ते उभं राहून म्हटलं तेव्हा मंडळीत शांतता पसरली, आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

बाई, तुमच्याकडे तबलजी आहे. त्याला ईयोब द्या, बायबलमधला दुःखाने होरपळलेला नीतिमान माणूस. मित्र येऊन उपदेश करतात आणि ईयोब त्यांचं ऐकून घेत नाही. शेवटी देव रागावतो ते त्या उपदेश करणाऱ्या मित्रांवर. तुमच्या मुलाला हे कोणी सांगितलेलं नसेल.


दहावीचा_पालक

हेडबाई, आमच्या पाळकसाहेबांना शनिवारचं विचारलं. हॉलची किल्ली कोणाकडे राहणार एवढाच प्रश्न निघाला, तेव्हा मीच घेतली. क्लासच्या वह्या तिथेच आणून मुलं तासभर अभ्यास करतील, मग वर्ग. चहा मी करतो. मुलाला घरी सांगितलं तर म्हणाला, ‘तुम्ही पण येणार?’ नाही म्हणाला नाही.


शब्बाथशाळेच्या_बाई

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

गेल्या बुधवारी मी त्या मुलाच्या घरी गेले. टाळझांज भाऊंचं वाचून चार दिवस झोप लागली नव्हती. आई शेतात होती, तो एकटाच होता. पाणी दिलं. मी म्हणाले, ‘त्या दिवशी तू विचारलंस ते बरोबर होतं, मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. माझ्याकडे उत्तर अजूनही नाही.’ तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही. बाहेर कोंबड्या चालल्या होत्या, त्यांच्याकडे बघत बसलो.

मग तो आत गेला आणि आजीचं उपासना संगीत घेऊन आला. कॅलेंडरच्या जाड कागदाचं कव्हर, कोपरे सुतळीने शिवलेले. पदांच्या आकड्यांशेजारी आजीने पेन्सिलीने तारखा घातल्यात, कुठलं पद कोणाच्या घरच्या प्रार्थनेत म्हटलं त्याच्या. बारशी, घरभरण्या, दुखणी. शेवटची तारीख दवाखान्यातली, तिचं अक्षर हललेलं. त्याने विचारलं, ‘बाई, हे देवळात जमा करायचं असतं का?’ मी म्हणाले, तुझ्याकडेच राहू दे.

शनिवारचा वर्ग सुरू केला आहे. पहिल्या शनिवारी पाच जण, दुसऱ्या शनिवारी सात, काल सात. महिला मंडळातल्या एक काकू माझ्याबरोबर बसतात, दार उघडं असतं, नंबर लावला आहे. एफवायच्या पोरीचं ऐकून मी प्रत्येकाला घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न विचारून यायला सांगितलं: आपल्या घरात पहिला बाप्तिस्मा कोणाचा, आणि का? चौघांनी विचारून आणलं. त्यातल्या दोन हकिकती मंडळीत कोणालाच माहीत नव्हत्या. त्या एका वहीत उतरवून घेतोय, मुलांच्याच अक्षरात.

तो काल आला नाही. वर्ग सुटताना फाटकाशी सायकल लावून उभा होता, मी हात केला तर त्यानेही केला आणि गेला.

काल ईयोबाचा दुसरा अध्याय घेतला. मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कोणी एक शब्द बोललं नाही. मुलांना ते आवडलं. एकजण म्हणाला, ‘इथपर्यंत ते चांगले मित्र होते.’ पुढच्या शनिवारी तिसरा अध्याय.

टाळझांज भाऊ, एक पद बसवायला घेतलंय, पट्टी कुठली धरू ते कळवा. तीन मुलांचे आवाज फुटलेत. मुलींना काळी एक फार खाली जाते आणि मुलांना काळी चार झेपत नाही.